माळ्यावरचा डबा आणि मानेचा मणका

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मध्यमवर्गीय घरातल्या साऱ्या वस्तू आपापल्या जागा सोडतात. माळ्यावरचे डबे खाली येतात, खालची रद्दी बाहेर जाते, कपाटे भिंतीपासून सुटतात आणि या गडबडीत घरातल्या कुणाच्या तरी मणक्यातली गादीही जागा सोडते. निदान शेजारी तरी तसेच सांगतात. त्याच सुमारास दुसरे कुणीतरी स्टुलावर चढून, मान वर करून, आकाशकंदिलाची दोरी खिळ्याला अडकवायला जाते आणि घर गरगर फिरू लागते. मग पहिल्याला निजवून ठेवतात, दुसऱ्याच्या गळ्यात पट्टा अडकवतात आणि दोघांचेही निदान एकाच शब्दात उरकते: मणका!

हा शब्द आपल्याकडे फार सोयीचा झाला आहे. पूर्वी ज्या दुखण्याचा उलगडा होत नसे ते 'वात' या दोन अक्षरांत बसवीत. आता तीन अक्षरे लागतात, एवढीच काय ती प्रगती. पण या तीन अक्षरांपायी एखादे घर किती मेटाकुटीला येते ते मी गेल्या वर्षी जवळून पाहिले. आज तेच सांगणार आहे. कारण असे घर प्रत्येक चाळीत आणि प्रत्येक सोसायटीत एकतरी असतेच.

आमचे वडीलबंधू अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. वय चौसष्ट. बिऱ्हाड डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर मखर आवरताना त्यांच्या कमरेत उसण भरली. दोन दिवसांनी कळ कमरेतून निघून डाव्या मांडीमागून थेट करंगळीपर्यंत जाऊ लागली. फोटो निघाले, गोळ्या सुरू झाल्या, कमरेला पट्टा बसला आणि अण्णा अंथरुणाला खिळले. हे चालू असतानाच तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे ते उजव्या कुशीवर वळले आणि खोली भोवऱ्यासारखी फिरली. उलटी झाली. अर्ध्याएक मिनिटात खोली थांबली, पण पुन्हा कुशीवर वळले की तोच प्रकार. शिवाय दिवसभर डोके जड, पाय डळमळीत. एकदा तर न्हाणीघरात भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावले.

मग काय विचारता! उपाय सुचवणाऱ्यांची रीघ लागली. कुणी तेलाची बाटली आणली, कुणी हाडवैद्याचा पत्ता, तर कुणी लोहचुंबकाचा पट्टा. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी भिंतीला पाय लावून उलटे निजण्याचा उपाय सांगितला. तो अण्णांनी केला असता तर हा लेख वेगळ्या स्तंभात छापावा लागला असता. एका ठिकाणी कमरेला वजने लावून झाली. मानेचाही एम. आर. आय. झाला. तिथेही दोन गाद्या झिजलेल्या निघाल्या आणि साऱ्यांना हायसे वाटले. चकरेचे कारण सापडले! अखेर एका दवाखान्यात सांगण्यात आले की कमरेचे आणि मानेचे अशी दोन्ही ऑपरेशने करून घ्या, म्हणजे पायाची कळही जाईल आणि चक्करही. खर्चाचा आकडा ऐकून अण्णांनी पुतणीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या दोन ठेवी मोडायचे ठरवले. दाखल व्हायचा वार ठरला.

त्या आठवड्यात वहिनी फायलीची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. चहाला हात न लावता म्हणाल्या, "भावोजी, ऑपरेशनला मी भीत नाही. पण चक्कर मणक्यातून कशी येते, एवढं मला कुणीतरी समजावून सांगा. कुशीवर वळताना मान आणि धड बरोबरच वळतात. मान तर तसूभर मुरगळत नाही. मग फिरतं काय? एवढं कळलं की मी सही करते."

वैद्यकशास्त्रातला माझा अधिकार घरातल्या थर्मामीटरपुरता. पण प्रश्न इतका सरळ होता की त्याचे उत्तर घेतल्याशिवाय सही करणे बरे नव्हे, एवढे मलाही कळले. आम्ही दाखल व्हायचा वार पुढे ढकलला आणि दुसऱ्यांदा मत घ्यायला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मणक्याच्या सर्जनकडे गेलो.

या गृहस्थांनी फायलीची पिशवी बाजूला ठेवली आणि आधी अण्णांकडे पाहिले. निजवून पाय सरळ वर उचलला, टाचांवर चालवले, चवड्यांवर चालवले, तळव्याला टाचणी टोचून पाहिली. लघवी-शौचाला काही अडचण आहे का, हे त्यांनी दोनदा विचारले. मग फोटो उजेडात धरले. त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत देतो.

आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये एकूण २३ गाद्या असतात. गादी ही दिवाळीतल्या करंजीसारखी समजा. बाहेर चिवट पारी, आत मऊ सारण. करंजी जागची हलत नाही, म्हणून 'गादी सरकली' हे बोलणे काही खरे नाही. होते ते असे: वयाने सारण सुकते, पारीला चिरा जातात आणि एखाद्या वाकण्याच्या निमित्ताने कड उकलून सारण बाहेर डोकावते. शेजारून पायाकडे जाणारी नस असते. तिला त्याचा दाब लागतो आणि दाह होतो. कळ कमरेत उपजते पण पायात जाणवते, ती याच कारणाने. सायटिका म्हणतात ते हेच. हे कोडे अमेरिकेत बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जनांनी १९३४ साली जगापुढे उलगडून मांडले. त्यापूर्वी हे बाहेर आलेले सारण पुष्कळदा गाठच समजली जाई.

"तर मग काढून का टाकू नये?" वहिनींनी विचारले.

याचे उत्तर मोठे आशादायक होते. बाहेर आलेले सारण शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकते; पुष्कळदा मोठा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा लवकर विरतो. हॉलंडमध्ये सायटिकाच्या १८३ रोग्यांवर एक प्रयोग झाला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, बाकीच्यांना जमेल तसे हिंडूफिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत १०० पैकी ८७ जणांना बरे वाटत होते. म्हणजे अंथरुणाने काही साधले नाही. त्याच देशात २००७ साली आणखी एक अभ्यास छापून आला. सहा ते बारा आठवडे तीव्र कळ सोसलेल्या २८३ जणांपैकी काहींचे लवकर ऑपरेशन केले, काहींना थांबवले. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, हे खरे. पण वर्षअखेरीस दोन्हींकडे १०० पैकी ९५ जण बरे होते. थांबलेल्यांतल्या ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावे लागले, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर चित्र एकतर्फी होईल.

तेव्हा ऑपरेशन वाईट, असे कुणी समजू नये. कळ दीड-दोन महिन्यांत हटत नसेल आणि सोसवत नसेल, तर ते लवकर सुटका करते. पायाची ताकद कमी होत चालली असेल, तर थांबणे धोक्याचे. पण अण्णांची ताकद शाबूत होती आणि कळ उतरणीला लागली होती. कमरेच्या मणक्यात टोचायच्या इंजेक्शनाने थोडे दिवस आराम पडतो, कायमचा निकाल लागतो असे नाही. वजने लावण्याचा फायदा तपासण्यांत दिसून आलेला नाही. उरला रोजचा उपाय: थोडे थोडे चालणे, एका जागी फार न बसणे आणि कळ ओसरू लागली की फिजिओथेरपिस्टकडून शिकून व्यायाम. पट्टा प्रवासापुरता, कायम वापरला तर स्नायूच आळशी होतात.

"आणि मानेच्या गाद्या?" मी विचारले.

डॉक्टर हसले. म्हणाले, "साठीच्या माणसाच्या मणक्याचा फोटो कोरा निघाला, तर मला जास्त आश्चर्य वाटेल." यामागेही आकडे आहेत. ज्यांना पाठीचे काहीच दुखणे नाही अशा ३,११० माणसांच्या कमरेच्या फोटोंचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या लोकांपैकी १०० तले ८८ झिजलेल्या गाद्या बाळगून होते आणि ६९ जणांच्या गादीला फुगवटा होता. विशीतल्यांतही ३७ जणांत झीज दिसली. केस पिकतात तशा गाद्या पिकतात, मानेच्या काय आणि कमरेच्या काय. फोटोत पिकलेली गादी दिसणे ही एक गोष्ट आणि दुखणे तिच्यामुळेच असणे ही दुसरी. या दोहोंची गाठ तपासणीनेच घालता येते, फोटोने नव्हे. अण्णांच्या हातांत मुंग्या नव्हत्या, बोटांची पकड चांगली होती, चाल ताठरलेली नव्हती. मानेला हात लावण्याचे कारणच नव्हते.

"पण चक्कर माझ्या खात्यातली नाही," ते शेवटी म्हणाले. "ती कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि त्याआधी तुमच्या घरच्या डॉक्टरांना गोळ्या दाखवा."

आमचे घरचे डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांनी अण्णांचा रक्तदाब निजवून घेतला, उभे करून घेतला, तीन मिनिटे थांबून पुन्हा घेतला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर भोवळ येते. अण्णांचा तितका उतरला नाही. मग त्यांनी गोळ्यांचा डबा टेबलावर पालथा केला. नसेची कळ शमवायला दिलेली एक गोळी होती. या जातीच्या गोळ्यांनी गुंगी आणि डोके हलके होणे हे नेहमीचेच. दुसरी गोळी चक्कर दाबायची. ती दोन-चार दिवस ठीक, पण महिनोन् महिने घेतली तर मेंदूला तोल नव्याने सावरायला शिकूच देत नाही. म्हणजे मणक्याचा आणि चकरेचा काही खरा संबंध असलाच, तर तो हाडांत नव्हता, गोळ्यांच्या डब्यात होता! डॉक्टरांनी पहिली गोळी हळूहळू उतरवत आणली, कारण ती एकदम तोडायची नसते. दुसरी बंद केली. दिवसभराची डळमळ आठवड्यात कमी झाली. कुशीवर वळतानाची भिंगरी मात्र तशीच राहिली.

आता पाळी कानाची. कान ऐकायला असतो एवढेच आपण शाळेत शिकलेलो. पण आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन-तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत पाणी असते. त्यांच्याशेजारच्या कप्प्यात एका चिकट गादीवर कॅल्शियमचे बारीक स्फटिक बसलेले असतात. द्रव्य खडूचेच. वयाने, डोक्याला मार लागल्याने किंवा पुष्कळदा काहीच कारण न कळता, यातले काही कण सुटतात आणि नळीत शिरतात. मग डोके विशिष्ट बाजूला कलंडले की रांगोळीचे कण पाण्यात खाली बसावेत तसे ते घरंगळतात, नळीतले पाणी ढवळतात आणि मेंदूला वाटते आपण गरगर फिरतो आहोत. कुशीवर वळताना, उशीवर डोके टेकताना आणि मान वर करून माळ्यावरचा डबा काढताना ही चक्कर येते ती म्हणूनच. वळल्यावर क्षणभराने सुरू होते आणि मिनिटाच्या आत थांबते. मान वर केल्यामुळे आली म्हणून मानेवर आळ येतो. चोर मात्र कानात असतो. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

या शोधाची कथाही ऐकण्यासारखी आहे. आतल्या कानाच्या या यंत्रणेवर काम करणारे व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे नोबेल मिळाले, तेव्हा ते महायुद्धातले कैदी म्हणून रशियनांच्या छावणीत होते! निजल्यावर येणाऱ्या चकरेचे वर्णन त्यांनी १९२१ साली केले. ती ओळखण्याची परीक्षा लंडनच्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली बसवून दिली. पण उपाय सापडायला आणखी काळ गेला. अमेरिकेतले जॉन एप्ली यांनी सांगितले की कण नळीत शिरले आहेत ना, मग डोके बेताबेताने फिरवून त्यांना आल्या वाटेने परत काढा. औषध नाही, सुरी नाही! इतकी साधी गोष्ट खरी असेल यावर पुष्कळ सहकाऱ्यांचा विश्वास बसेना. त्यांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि आज जगभर हीच रीत वापरतात.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. अण्णांना टेबलावर बसवून त्यांनी आधी मानेची आणि कमरेची विचारपूस केली. "काका, मान लटकवायची नाही. खांद्याखाली उशी घेऊ," म्हणाल्या. ज्यांच्या मणक्याची तक्रार आहे त्यांनी हे आधी सांगायलाच हवे, कारण परीक्षा थोड्या वेगळ्या तऱ्हेनेही घेता येते. मग डोके उजवीकडे वळवून त्यांनी अण्णांना झटकन मागे निजवले. दोन-तीन क्षण काही नाही. मग अण्णांनी टेबल घट्ट धरले आणि त्यांची बुबुळे एका लयीत थरथरू लागली. बाईंनी वहिनींना जवळ बोलावून ते दाखवले. वीस-पंचवीस सेकंदांत सारे शांत. तेवढ्यावर निदान झाले. नवा फोटो नाही, यंत्र नाही. लगेच त्यांनी डोके डावीकडे वळवले, मग अंगही डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून उठवून बसवले. चार-पाच मिनिटांचे काम!

त्या दिवशी सगळे गेले असे नव्हे. आठवड्याने पुन्हा एकदा करावे लागले. २०१४ सालच्या एका आढाव्यात या उपायाने १०० पैकी ५६ जणांची चक्कर पूर्ण गेली, न केलेल्यांत २१ जणांची. उरलेल्यांना बहुधा आणखी खेपा लागतात. शिवाय हे कण पुन्हा सुटू शकतात. अण्णांना यंदा होळीच्या सुमारास पुन्हा एकदा भिंगरी आली. पण या वेळी घाबरगुंडी उडाली नाही. रिक्षा केली, बाईंकडे गेले आणि जेवायला घरी आले. पायाची कळ अडीच महिन्यांत ओसरली. करंगळीजवळ थोडी बधिरता आहे, ती कदाचित राहील. तीन मजले मधे थांबत चढतात. ठेवी मोडल्या नाहीत. पुतणी त्यांतूनच शिकते आहे.

आता थोडे कामाचे बोलू. डॉक्टरांकडे जाताना 'चक्कर येते' एवढे सांगून भागत नाही. खोली फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की पाय लटपटतात? किती वेळ टिकते? निजताना, वळताना, की उठून उभे राहताना? कान वाजतो का, ऐकू कमी येते का? हे कागदावर लिहून न्या आणि घरात असतील तेवढ्या साऱ्या गोळ्या बरोबर न्या. पाठीचे सांगताना कळ गुडघ्याच्या खाली उतरते का, ते सांगा. कुणी ऑपरेशन सुचवले तर तीन प्रश्न नम्रपणे विचारा: याने माझी नेमकी कोणती तक्रार जाईल? थांबलो तर काय होईल? दुसरा उपाय कोणता? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. दुसरे मत घेतले म्हणूनही रागावत नाही.

मात्र काही वेळा लेखही वाचत बसायचे नाही, तडक रुग्णालय गाठायचे. कमरेच्या दुखण्याबरोबर लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा वजन उतरत असेल तर उशीर नको. चकरेबरोबर जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळा पडला, उभेच राहवेना किंवा कधी नव्हे असे डोके दुखू लागले, तर तो कानाचा खेळ नव्हे. तो मेंदूचा झटका असू शकतो आणि तिथे घड्याळ महत्त्वाचे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तरी दिवाळी संपायची वाट पाहू नका.

आणि घरातल्या वडील माणसाला स्टुलावर चढवू नका. आकाशकंदील धाकट्यांनी टांगावा, थोरल्यांनी खालून तो वाकडा आहे असे सांगावे. घराघरांतली ही जुनी वाटणी पाठीच्या आणि कानाच्या, दोन्ही डॉक्टरांना पसंत पडेल अशीच आहे. ही दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो.